ताप नाही, पण बाळ दूध सोडतंय

पावसाळ्यात सायखेडा-चांदोरीकडची माणसं तान्हं बाळ दाखवायला आणतात, तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "ताप नाही हो डॉक्टर, नुसती सर्दी आहे." पाच वर्षांच्या पोराबद्दल हे ऐकून मी निश्चिंत होतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाबद्दल होत नाही.

बहुतेक सर्दी सर्दीच असते. क्वचित मात्र कॉक्सॅकी बी सारखे विषाणू बाळाच्या हृदयाच्या स्नायूला सूज आणतात. याला मायोकार्डायटिस म्हणतात. 2023 च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने वेल्समधल्या अशा नवजात बाळांची दखल घेतली होती. आपल्याकडे कोल्हापुरात 2020-21 मध्ये, आईला गरोदरपणी कोविड होऊन गेलेल्या 20 नवजात बाळांची नोंद झाली. तिथे दोष थेट विषाणूचा नसून त्यानंतर शरीरात उसळलेल्या दाहाचा होता. त्यातल्या 18 बाळांच्या हृदयावर परिणाम झाला, दोन दगावली. आणि ताप? फक्त दोघांना.

म्हणून थर्मामीटर बाजूला ठेवा आणि बाळ पितं कसं ते बघा. पाळण्यातल्या बाळासाठी दूध ओढणं म्हणजे आपलं जिना चढणं. हृदय थकलेलं बाळ चार घोट घेतं, सोडतं, धापा टाकतं. कपाळावर घाम येतो. दमून डोळा लागतो आणि भुकेनं लगेच रडतं. बाळ शांत झोपलं की झबलं वर करून, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त भरले, फासळ्यांखाली खड्डा पडत असला, तळपाय गार नि रंग राखाडी दिसला, तर सकाळची वाट बघू नका. दृष्ट काढायला माझी हरकत नाही, मीठ-मोहऱ्या ओवाळायला दोन मिनिटं लागतात. पण तोवर कुणीतरी 108 ला फोन लावलेला असू द्या. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात उपचार आणि ने-आण मोफत आहे.

"एक सलाईन लावून द्या" हा हट्टही नको. थकलेल्या हृदयाला जादा पाणी पेलत नाही. सलाईननंतर धाप वाढली, तर ते डॉक्टरांना लगेच सांगा. छातीचा एक्स-रे, ईसीजी, टूडी इको झाल्यावर न्यूमोनिया की हृदय, याचा उलगडा होतो.

बारशाला आलेल्या प्रत्येकानं बाळाचा मुका घ्यायलाच हवा का? हात साबणानं धुवायला लावा, या विषाणूंवर सॅनिटायझरचा भरवसा कमी. घरात कुणाला सर्दी-जुलाब असतील तर त्यानं बाळापासून लांब राहावं. आईला असले तरी अंगावरचं दूध तोडू नका, तोंडाला पदर बांधून पाजा.

वेळेत उपचार मिळाले तर बरीच बाळं सावरतात, पण हृदयाची ताकद परतायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. बाळ हसू-खेळू लागलं की गाडीभाडं वाचवायला फेरतपासणी टाळली जाते. डिस्चार्ज कार्डावरची टूडी इकोची तारीख चुकवू नका. औषध कधी कमी करायचं नि कधी थांबवायचं, ते तिथेच ठरतं.