आरोग्यशिक्षण पाठ : कावीळ – प्रसार व प्रतिबंध

पाठाचा हेतू : कावीळ पाण्यावाटे कशी पसरते हे विद्यार्थ्यांस समजावे व प्रतिबंधाच्या सवयी त्यांच्या अंगवळणी पडाव्यात.

शिक्षकांसाठी माहिती : कावीळ हा स्वतंत्र रोग नसून यकृताच्या विकाराचे लक्षण होय. रक्तातील जुन्या तांबड्या पेशी मोडल्या म्हणजे एक पिवळे द्रव्य तयार होते. निरोगी यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकते. यकृतास सूज आली की ते रक्तात साचते. डोळे पिवळे दिसतात व लघवी गडद होते. ही सूज आणणाऱ्या विषाणूंपैकी बी, सी व डी हे मुख्यतः रक्तावाटे पसरतात. बी विषाणूवर बालकांस लस दिली जाते. गावात साथ येते ती ए व ई या विषाणूंची.

हे विषाणू रोग्याच्या विष्ठेतून पाण्यात, अन्नात व न धुतलेल्या हातांवाटे दुसऱ्याच्या तोंडात जातात. दिल्ली येथे १९५५-५६ साली यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून सुमारे २९ हजार लोकांस कावीळ झाली. ती ई विषाणूची साथ होती, हे पुढे जतन केलेल्या रक्तनमुन्यांवरून उमगले.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, ए विषाणू डोळे पिवळे होण्यापूर्वीच विष्ठेतून मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो आणि लहान मुलांत पुष्कळदा कावीळ दिसतच नाही. म्हणून आजारी मुलास घरी ठेवणे पुरेसे नाही. सर्वच मुलांनी हात धुतले पाहिजेत. दुसरी, लागण झाल्यापासून रोग दिसेपर्यंत ए विषाणूस २ ते ४ आणि ई विषाणूस २ ते १० आठवडे लागतात. यास्तव आजच्या रोग्याचे कारण मागील महिन्यातील पाण्यात शोधावे.

गर्भवती स्त्रीस ई विषाणू विशेष घातक आहे. शेवटच्या तीन महिन्यांत लागण झालेल्या मातांपैकी २० ते २५ टक्क्यांपर्यंत मृत्यू ओढवू शकतो. विद्यार्थ्याने घरी नेलेला धडा येथे एखाद्या मातेचे प्राण वाचवू शकतो.

प्रात्यक्षिक : दोन विद्यार्थ्यांच्या हातांस तेलात कालवलेली हळद लावावी. एकाने नुसत्या पाण्याने व दुसऱ्याने साबणाने हात धुवावेत. पहिल्याच्या हातावर हळद तशीच राहील. दुसऱ्याच्या हातावर साबण लागताच उरलेली हळद तांबूस दिसेल. नखांच्या कडा व बोटांच्या बेचक्या कशा सुटतात हे मुलांस दाखवावे.

याच वेळी रंग पालटणे हा द्रव्यांचा गुण आहे, हे सांगावे. चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ ‘उतरविण्याचा’ प्रकार असाच आहे. हाताला आधी लावलेला आंब्याच्या सालीचा रस चुन्याने पिवळा होतो. निरोगी माणसाच्या हातावरही तसेच घडते. ए व ई विषाणूंची कावीळ बहुधा विश्रांतीने व साध्या आहाराने आपोआप बरी होते, आणि श्रेय मात्र गळ्यातील माळेस मिळते. पालकांचा उपहास करू नये. परंतु ग्लानी, सतत उलट्या वा रक्तस्राव दिसल्यास, तसेच गर्भवतीस कावीळ झाल्यास, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, हे त्यांच्या मनावर ठसवावे.

प्रतिबंध : पिण्याचे पाणी उकळावे. विहिरीत वा टाकीत विरंजक चूर्ण नियमित टाकले जाते की नाही, याची चौकशी ग्रामपंचायतीकडे करावी. माठास झाकण व ओगराळे असावे. शौचालयाचाच वापर व्हावा. शालेय आहारापूर्वी सर्वांनी साबणाने हात धुवावेत.

शाळेचे कार्य : एकाच वाडीतील दोनतीन मुले कावीळ होऊन गैरहजर राहिली, तर साथीची पहिली खूण हजेरीपटावरच उमटते. शिक्षकांनी ती वाडी व तेथील पाणवठा यांची नोंद करून त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे.

प्रश्न :
१. आजारी मुलास घरी ठेवूनही साथ का थांबत नाही?
२. चुन्याचे पाणी पिवळे का होते?
३. तुमच्या घरच्या माठातील पाणी कोणत्या पाणवठ्यावरून येते? त्या पाणवठ्याजवळ कोणती घाण आढळते?