मांगरातली खानावळ

सायली,

मांगरात खानावळ आणि शेजारच्या गोठ्यात दुकान काढायचं तू ठरवलंस, वाचून फार बरं वाटलं. मात्र ठेकेदार जांभ्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करू म्हणतोय, ते ऐकू नकोस. जांभा सच्छिद्र. पावसात ओल धरतो, पुढे उन्हात सोडतो. वरून सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते, पोपडे सुटतात आणि भिंतीत शिरलेली वाशांची टोकं कुजतात. चुन्याचाच गिलावा कर. चुना जाणणारा गवंडी मिळायला वेळ लागेल, लागू दे. कौलंही फुटलेली तेवढीच बदल.

स्वयंपाक मांगरात नको. जुन्या लाकडी माळ्याखाली शेगड्या पेटवणं धोक्याचं. मागे खळ्याच्या कडेला वेगळं स्वयंपाकघर बांध. सांडपाण्यातलं तेल आधी अडव, मग ते पाणी माडांना आणि केळींना सोड.

जुन्या गोठ्यात खानावळ चालवल्याचं एक उदाहरण सांगतो. न्यूयॉर्कजवळ पोकँटिको हिल्सला रॉकफेलर घराण्याचे १९३०च्या दशकातले दगडी गोठे आहेत. २००४ साली तिथे ‘ब्लू हिल ॲट स्टोन बार्न्स’ हे उपाहारगृह निघालं. भोवतालची शेती चालू आहे आणि शेतात काय तयार आहे ते पाहून डॅन बार्बर हे तिथले शेफ त्या दिवसाचं जेवण ठरवतात. तूही असंच करावंस, असं मला फार वाटतं. जून-जुलैत आपल्याकडे यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. तेव्हा बर्फातली सुरमई बाहेरून आणू नकोस. कुळथाची पिठी, उकड्या तांदळाचा भात, टाकळ्याची भाजी, सुकटीची चटणी वाढ. काही गिऱ्हाइकं उठून जातील, जाऊ देत.

दुकानात आमसुलं, आगळ, नाचणी, कुळीथ वाडीतल्या बायकांकडूनच घे आणि पैसे हातोहात दे. विकल्यावर देते म्हणालीस, तर कोकम व्यापाऱ्याकडे जाईल. पावसाळ्याच्या तोंडावर घराघरांत रोकड लागते, त्यांनी तुझ्यासाठी थांबावं कसं?

अन्नपरवाना आणि जमिनीच्या वापराची चौकशी कर्ज उचलण्याआधी कर. तुझा हिशेब पाहिला. बारा महिने सारखंच गिऱ्हाईक धरलंयस. पावसाळ्याचे चार महिने निम्म्याहून कमी धरून तो पुन्हा मांड आणि मला पाठव.

तुझा मामा