‘ड्रिंकिंग’ची जात कोणती?

कॅम्पस इंटरव्ह्यूच्या अ‍ॅप्टिट्यूड पेपरात ‘पार्ट्स ऑफ स्पीच’ आलं की हॉस्टेलमधली मराठी माध्यमाची बरीच मुलं-मुली तो प्रश्न सोडूनच देतात. हातचे मार्क जातात! मला हे अजिबात पटत नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, तिथे आठही जाती इंग्रजीतून पाठ करून घेतल्या. पण शब्द ओळखायचं खरं हत्यार मराठी माध्यमवाल्यांच्या हातात आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं तेच इंग्रजी व्याकरणाच्या वळणावर. म्हणजे नाम, विशेषण, क्रियापद ही मंडळी दोन्हीकडे तीच.

आता एस.टी. स्टँडवरची पाटी घ्या: ‘ड्रिंकिंग वॉटर’. तिच्याशेजारी ठेवा ‘रनिंग वॉटर’. दोन्हीकडे ‘इंग’, दोन्हीकडे पुढे पाणी. मग जात एकच? मराठी करून बघा. रनिंग वॉटर म्हणजे वाहतं पाणी. पाणी स्वतः वाहतं. पण ड्रिंकिंग वॉटर म्हणजे पितं पाणी नव्हे! (पाणी पिणारं पाणी आपल्या दुष्काळी जिल्ह्याला परवडायचं नाही.) ते पिण्याचं पाणी. ‘वाहतं’ हे धातुसाधित विशेषण, म्हणून रनिंग हे पार्टिसिपल. ‘पिणं’ हे धातुसाधित नाम, त्याला ‘चं’ लागलं, म्हणून ड्रिंकिंग हे जेरंड. इंग्रजीने झाकलेलं मराठी प्रत्ययाने उघडं केलं.

दर वेळी प्रत्यय मदतीला येतोच असं नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरचा ‘पाणी महाल’ बघा. दोन नामं शेजारी शेजारी, प्रत्यय नाहीच. इंग्रजी ‘स्टोन वॉल’ही तसंच. मराठीत ‘दगडी भिंत’ म्हटलं की विशेषण, ‘दगडाची भिंत’ म्हटलं की नाम, मग पंचाईत. अशा वेळी ‘व्हेरी’ लावून बघा. ‘व्हेरी ओल्ड वॉल’ चालतं, ‘व्हेरी स्टोन वॉल’ कानाला खटकतं. म्हणून स्टोन नामच, फक्त काम विशेषणाचं करतंय. ही युक्तीही शंभर टक्के नाही बरं का. ‘मेन गेट’मधला मेन विशेषणच, पण ‘व्हेरी मेन’ कोणी म्हणत नाही. तिथे पुन्हा मराठीच धरा: मुख्य.

सरावासाठी वर्कशॉपमधलेच घ्या: ‘मूव्हिंग पार्ट’, ‘वेल्डिंग रॉड’, ‘मेल्टिंग पॉइंट’, ‘बॉइलिंग वॉटर’. ‘कटिंग टूल’वर मात्र भांडण होणार. कापणारं की कापायचं? मी ‘कापायचं’च्या, म्हणजे जेरंडच्या बाजूने आहे, माझी रूममेट अजून ऐकत नाही.