मानधन : एका शब्दाचा प्रवास आणि कर्मप्रेरणेचा प्रश्न

मनुष्य काम का करतो, या प्रश्नाला औद्योगिक मानसशास्त्राने दिलेले उत्तर आता पाठ्यपुस्तकांतून रूढ झाले आहे. काही पारितोषिके बाह्य असतात : वेतन, बढती, बक्षीस. काही अंतःस्थ असतात : कामातील गोडी, कौशल्याचा आनंद, आपण उपयोगी पडलो याचे समाधान. एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवावयास दिली होती. ज्यांना प्रत्येक कोड्यामागे पैसे मिळाले, त्यांची गोडी पैसे बंद होताच कमी झाल्याचे त्यांना आढळले. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये बालवाडीतील चित्रे काढणाऱ्या मुलांवर केलेला प्रयोग याहूनही मार्मिक आहे. बक्षिसाचे आमिष आधी दाखवले, त्या मुलांचा रस पुढे ओसरला. बक्षीस अनपेक्षितपणे हाती पडले, त्यांचा रस मात्र टिकला. म्हणजे दोष बक्षिसाचा नव्हे, सौद्याचा. या निष्कर्षांवर पुढे बराच वाद झाला, परंतु त्याच्या तपशिलात शिरण्याचे येथे कारण नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला या संदर्भात वेगळ्याच गोष्टीचे कुतूहल वाटावे. मराठी भाषेत श्रमाच्या मोबदल्याला एकच एक नाव नाही. नोकराला वेतन, मजुराला मजुरी, कारागिराला मेहनताना, कीर्तनकाराला व गवयाला बिदागी, खूश झालेल्या धन्याकडून बक्षीस आणि गावकामगाराला बलुते. हे शब्द केवळ रकमेचे निदर्शक नाहीत; देणारा आणि घेणारा यांचे नाते काय, हे ते सांगतात. गवयाने मजुरी मागितली तर तो त्याचा कमीपणा ठरेल, आणि मजुराला कोणी बिदागी दिली तर ती थट्टा होईल. या मालिकेत आधुनिक काळात ‘मानधन’ हा शब्द येऊन बसला. त्याचा पूर्वेतिहास पाहण्याजोगा आहे.

संस्कृतात ‘मानधन’ हा बहुव्रीही समास आहे : मान हेच ज्याचे धन, असा पुरुष. भारवीच्या ‘किरातार्जुनीय’ काव्याच्या पहिल्या सर्गात हा शब्द येतो, आणि तो येतो नेमका सेवकांच्या प्रेरणेच्या संदर्भात. वनेचर हा युधिष्ठिराचा हेर. दुर्योधनाचे राज्य इतके दृढ कसे झाले, याचे वर्णन तो करीत आहे. दुर्योधनाचे धनुर्धर मानधन आहेत. पण त्याला लागूनच कवी आणखी एक विशेषण योजतो : धनाने सत्कारलेले. असे योद्धे प्राण वेचूनही स्वामीचे प्रिय करू इच्छितात, असे वनेचराचे निरीक्षण. त्याच सर्गात थोडे आधी असेही सुचविले आहे, की दुर्योधनाचे गोड बोलणे दानावाचून नसते आणि त्याचे मोठे दान सत्कारावाचून नसते. वनेचराची ही दृष्टी भाबडी नाही. मान आणि धन यांपैकी एक देऊन दुसरे चुकविता येत नाही, हे शत्रुपक्षाच्या राजाला कळले आहे, आणि भीती वाटावी ती याचीच, असा त्याच्या निवेदनाचा रोख आहे.

आधुनिक मराठीत या समासाचा विग्रह बदलला. मानधन म्हणजे मानाप्रीत्यर्थ दिलेले धन. पूर्वी मान हे धन होते. आता धन हे मानाचे निमित्त झाले. वरवर पाहता हा बदल व्याकरणापुरता आहे. व्याख्यात्याला किंवा परीक्षकाला मानधन देताना त्यात कोणाचे काही बिघडतही नाही, कारण त्याचे पोट दुसऱ्या वेतनावर चालत असते. प्रश्न उद्भवतो तो पूर्ण वेळ राबणाऱ्या माणसाच्या बाबतीत.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीतील तरुण मास्तर औंध संस्थानच्या शाळेवर नेमलेला आहे. शिकविण्याचा पगार त्याला संस्थान देते. पण कागद वाचून दाखविणे, तंटे मिटविणे, तालुक्याची कामे करून देणे आणि अखेर धनगरांना हाताशी धरून तालीम उभी करणे, यांचा पगार त्याला कोणीच देत नाही. धनगरही फुकट राबतात. डेसींच्या सिद्धांताला याहून चांगले साहित्यिक उदाहरण शोधावे लागू नये. तालमीच्या उद्घाटनाला राजेसाहेब स्वतः येतात, तोही न ठरवलेल्या बक्षिसाचाच प्रकार. परंतु माडगूळकर तेथे थांबत नाहीत. पुढे पाऊस दगा देतो, मेंढरे मरतात, वाडी उठून जाते. शाळेत मूल उरत नाही आणि मास्तराची बदली होते. अंतःस्थ आनंद खरा होता, यात शंका नाही. पण तो ज्या जमिनीवर उभा होता ती पाऊसपाण्याची होती. हा शेवट कारुण्यपूर्ण म्हणून वाखाणला जातो. त्यातील अर्थकारण मात्र समीक्षेच्या नजरेतून बहुधा निसटते.

याच्या नेमके उलट टोक दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनात आहे. मराठी प्रदेशाबाहेरील वाचकांसाठी सांगावयाचे तर, बलुते म्हणजे गावकामाबद्दल सुगीला मिळणारा धान्याचा वाटा. महारांच्या वाट्याला आलेल्या कामाला ना वेळ होती ना सीमा, आणि या कामाभोवती मानाची एक कथा गुंफलेली होती : बेदरच्या बादशहाने दिलेल्या बावन्न हक्कांची. हक्क या शब्दात प्रतिष्ठा आहे. व्यवहारात त्याचा अर्थ दुसऱ्याच्या खळ्यावर जाऊन उभे राहणे असा होता. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात मांडलेल्या वतनविषयक विधेयकात बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करण्याची तरतूद होती. मानसशास्त्रज्ञ ज्याला बाह्य पारितोषिक म्हणून काहीसे दुय्यम लेखतो, ते रोख वेतन येथे स्वातंत्र्याचे साधन ठरते. धान्य देणारा हात आखडता घेऊ शकतो. ठरलेल्या रोख पगाराला कोणाच्या मर्जीची गरज नसते. डेसींच्या प्रयोगात पैशाने माणूस बांधला गेला, बलुत्यात मानाने. दोन्हीकडे बंधन तेच, दोरी वेगळी. प्रयोगातला विद्यार्थी कोडे बाजूला ठेवून मासिक चाळू शकत होता. महाराला दवंडी नाकारता येत नव्हती. अंतःस्थ प्रेरणेची चर्चा नकाराची मुभा गृहीत धरून चालते, आणि ही मुभा आपल्या साहित्यातील फार थोड्या पात्रांपाशी आहे.

प्रेमचंदांच्या ‘कफन’ कथेतील घीसू आणि माधव ही मुभा विकृत रीतीने घेतात. राबणाऱ्यांचे हालही आपल्याहून फारसे वेगळे नाहीत हे पाहून ते राबणेच सोडतात. या चित्रणावर हिंदीतील दलित समीक्षेने घेतलेला आक्षेप दुर्लक्षिण्यासारखा नाही. तरी मोबदला आणि श्रम यांचा सांधा तुटला की आळसालाही तर्क लाभतो, हे निरीक्षण कथेत आहेच.

मानधन या शब्दाकडे परत यावयाचे ते अंगणवाडीच्या दारातून. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्यातील सेविका व मदतनीस यांना सरकारी कागदपत्रांत वेतन नाही, मानधन आहे. पोषण आहार, लसीकरणास साहाय्य, शाळापूर्व शिक्षण, नोंदवह्या ही सारी कामे सेवाभाव या एका शब्दाखाली येतात, आणि सेवाभावाची किंमत करू नये असा संकेत पुढे करून रक्कम लहान ठेवता येते. सेविकेला आपल्या कामात गोडी वाटत नसेल असे नाही. ती वाटते, याचाच येथे हिशेब केलेला आहे. भारवीच्या राजाने सेवकाला मान आणि धन दोन्ही दिले होते. येथे एकाच समासात दोन्ही कोंबून दुसऱ्याची बचत झाली. गुजरातमधील सेविकांच्या प्रकरणात २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की १९७२ च्या कायद्यानुसार त्या उपदानास पात्र आहेत आणि त्या कायद्यापुरते त्यांचे मानधन हे वेतनच होय.