ओम्नी चढावर का थांबते?

प्रश्न : माझी १९९२ची मारुती ओम्नी वीस मिनिटं छान चालते, मग चढावर बंद पडते. थांबलं की पुन्हा सुरू होते. कार्बोरेटर बदलू का?

उत्तर : इतक्यात नको! बंद पडताच टाकीचं झाकण उघडा. हवा आत शिरल्याचा आवाज आला, तर झाकणाचं छिद्र बुजलंय. नाहीतर इंजिन थंड झाल्यावर कार्बोरेटरकडची नळी बाटलीत सोडून सेल्फ मारा. पेट्रोल मंद आलं, तर आधी फिल्टर, मग पंपाचा डायाफ्राम पाहा. जोरात आलं, तर तापलेल्या इग्निशन कॉइलवर माझा संशय. जुने रबरी पाइप मात्र आजच बदला. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने ते खराब होतात, आणि या गाडीत इंजिन पुढच्या सीटखालीच आहे. तिथली गळती जिवावर बेतेल.