आठ पौंडांचा डबा घ्यावा का?

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी रायफलची काडतुसं घरी भरायला केंद्रीय परवाना लागत नाही. विकण्यासाठी भरली, तर लागतो. म्हणून तिथे कित्येक घरांच्या गॅरेजमध्ये एक प्रेस, एक काटा आणि पावडरचे डबे असतात. रेंजवर पडलेल्या आपल्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या, त्यांना नवा प्रायमर लावायचा, पावडर घालायची, वर गोळी बसवायची. हजार-दोन हजार काडतुसं एका दमात भरायची ठरली की प्रश्न येतो तो पावडरचा: कोणती घ्यावी, आणि एक पौंडाची बाटली घ्यावी की आठ पौंडांचा डबा?

पावडर पौंडावर विकली जाते आणि ग्रेनवर वापरली जाते. एका पौंडात ७,००० ग्रेन असतात. .२२३ रेमिंग्टनच्या काडतुसात साधारण २५ ग्रेन जातात असं धरू. हा आकडा फक्त हिशेबासाठी आहे; भरायचं प्रमाण कायम उत्पादकाच्या पुस्तकातूनच घ्यायचं. म्हणजे पौंडात २८० काडतुसं आणि आठ पौंडांत २,२४०. .३०८ विंचेस्टरला ४२ ग्रेन धरले तर पौंडात १६६ काडतुसं होतात. .३०० विंचेस्टर मॅग्नम सुमारे ७० ग्रेन खाते, तिथे पौंडाची शंभरच होतात. तेव्हा पावडरचा भाव विचारण्याआधी आपली रायफल किती खाते ते पाहावं.

आता भाव. दुकानादुकानात फरक असतो, पण एक पौंडाची बाटली ४५ डॉलरला आणि आठ पौंडांचा डबा ३२० डॉलरला मिळतो असं समजा. डबा पौंडामागे ४० डॉलरला पडला, पाच डॉलर वाचले, असं वाटतं. पण पावडर कुरिअरने मागवली की धोकादायक मालाचं वेगळं शुल्क लागतं, आणि ते वजनावर नसून खेपेवर असतं. ते ३० डॉलर धरू. एक पौंड मागवला तर ४५ चे ७५ झाले, म्हणजे काडतुसामागे २७ सेंट. एक डबा मागवला तर १५.६ सेंट. दोन डबे एकाच खेपेत मागवले तर १५ सेंट. आणि गावातल्या दुकानातून तीच एक पौंडाची बाटली शुल्काशिवाय ४५ डॉलरला आणली तर १६ सेंट.

शेवटचे आकडे पुन्हा पाहा. दुकानातली बाटली आणि घरपोच डबा यांच्यात काडतुसामागे अर्ध्या सेंटचाही फरक उरत नाही. विक्रीकर धरला तर थोडा वाढेल इतकंच. ऑनलाइन एकेक पौंड मागवणं हा मात्र शुद्ध तोटा. मित्रांनी मिळून एक खेप मागवावी, नाहीतर दुकान गाठावं.

मग डबा कशासाठी घ्यायचा? माझ्या मते लॉटसाठी, म्हणजे एकाच वेळी बनलेल्या मालासाठी, आणि याच मुद्द्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. एकाच नावाची पावडर प्रत्येक लॉटमध्ये किंचित वेगळी जळते. उत्पादक हा फरक मर्यादेत ठेवतात, पण शून्यावर आणू शकत नाहीत. म्हणून लॉट बदलला की प्रमाण खाली आणून पुन्हा हळूहळू वर जायचं, दाबाची लक्षणं आणि अचूकता तपासायची, हा नियम आहे. या तपासणीत प्रत्येक वेळी ४० काडतुसं जातात असं धरा. आठ वेगवेगळ्या लॉटच्या बाटल्या घेतल्या तर ३२० काडतुसं नुसत्या तपासणीत गेली, म्हणजे दर सात काडतुसांतलं एक. चांगल्या मॅच (स्पर्धेच्या) गोळीचं काडतूस साहित्यासकट ६० सेंटला पडत असेल तर ते १९२ डॉलर होतात. आठ पौंडांच्या डब्यात लॉट एकच असतो. दोन डबे घेताना दोन्हींवरचा लॉट क्रमांक जुळतो का ते दुकानदाराला विचारून घ्यावं. ओळखीचा दुकानदार शोधून देतो.

पावडर नवी असेल तर मात्र आधी एकच पौंड घ्यावा. रायफलला ती मानवली नाही तर उरलेले सात पौंड काय करायचे? उघडलेला डबा कुणी परत घेत नाही.

आता प्रकार. रायफलची पावडर ढोबळमानाने दोन रूपांत येते: रव्यासारखी गोल दाण्यांची बॉल पावडर आणि शेवयांच्या बारीक तुकड्यांसारखी स्टिक पावडर. मोठ्या प्रमाणावर भरणाऱ्यांचा ओढा बॉलकडे असतो आणि तो योग्य आहे. मापकातून ती पाण्यासारखी वाहते, प्रत्येक वेळी जवळपास सारखंच माप पडतं, त्यामुळे प्रोग्रेसिव्ह प्रेसवर तासाला काहीशे काडतुसं निघू शकतात. हॉजडनची एच ३३५ आणि सीएफई २२३ या .२२३ साठीच्या लोकप्रिय बॉल पावडरी. स्टिक पावडरचे लांब दाणे मापकात कापले जातात, अडकतात, मापात फरक पडतो. चोख काम हवं तर प्रत्येक बार काट्यावर तोलावा लागतो. पण हॉजडनच्या व्हारगेट, एच ४८९५, एच ४३५० यांसारख्या ऑस्ट्रेलियात बनणाऱ्या स्टिक पावडरींवर उन्हाथंडीचा परिणाम फार कमी होतो. ऍरिझोनाच्या जुलैत आणि मोंटानाच्या नोव्हेंबरमध्ये तेच काडतूस वापरणाऱ्याने त्यासाठी पैसे मोजावेत. नुसत्या सरावासाठी दोन हजार काडतुसं भरणाऱ्याने मोजू नयेत. बॉल पौंडामागे दहा डॉलरने स्वस्त मिळाली तर काडतुसामागे साडेतीन सेंट वाचतात, दोन हजारांवर सत्तर डॉलर. त्याहून मोठी बचत तासांची असते.

नावांबाबत सावध राहा. एच ४३५० आणि आयएमआर ४३५० या दोन वेगळ्या पावडरी आहेत. ४८९५ आणि ४८३१ चंही तेच. एकीचं प्रमाण दुसरीला लावायचं नाही. काटा ग्रेनवर आहे की ग्रॅमवर, हे रोज सुरू करताना पाहायचं. स्वस्तात मिळणारी लष्करी जादा मालाची किंवा काडतुसं उकलून काढलेली पावडर ज्याला प्रमाण स्वतः शोधायची सवय आहे त्याच्यासाठी ठीक असेल. नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये. बिनलेबलच्या डब्यातली पावडर फुकट मिळाली तरी ती टाकूनच द्यायची.

साठवणुकीचा खर्च लोक धरतच नाहीत. अमेरिकेतल्या एनएफपीए ४९५ या अग्निसुरक्षा मानकानुसार घरात २० पौंडांपर्यंत पावडर मूळ डब्यांत ठेवता येते. २० ते ५० पौंड असेल तर निदान एक इंच जाडीच्या लाकडी पेटीत. राज्याचे, शहराचे आणि भाड्याच्या घराचे नियम याहून कडक असू शकतात. घट्ट बंद होणाऱ्या पोलादी तिजोरीत पावडर कधीच ठेवू नये. मोकळी असताना ती नुसती जळते, कोंडली की स्फोट होतो. मूळ प्लास्टिकचे डबे थोड्या दाबाने फुटतील असेच बनवलेले असतात. थंड, कोरडी जागा असली तर पावडर वर्षानुवर्षं टिकते. आंबट उग्र वास किंवा तांबूस वाफ आली की ती गेली.

आणि एकूण हिशेब? .२२३ च्या साध्या काडतुसात पावडर १५, प्रायमर ८, गोळी ११ सेंट धरले, पुंगळी स्वतःची, तर ३४ सेंट होतात. कारखान्याचं साधं काडतूस घाऊक भावात ५० सेंटच्या आसपास मिळत असेल तर वाचतात १६. हजार डॉलरची प्रेस आणि अवजारं वसूल व्हायला सहा हजारांहून जास्त काडतुसं मारावी लागतील. मॅच काडतुसं एक-सव्वा डॉलरला मिळत असतील, तर हीच अवजारं अडीच हजारांपर्यंतच वसूल होतात. साध्या सरावापुरतं बोलायचं तर पैसे वाचवण्यासाठी या भानगडीत पडू नये, असंच मी सांगेन.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. अमेरिकी केंद्रीय कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच पुंगळी, प्रायमर, गोळी आणि पावडर येतात. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि दारूगोळा बाळगायला मनाई आहे. राज्याचा वैध शिकार परवाना असणं हा त्यातला एक अपवाद. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही. भारतात दारूगोळा बनवायला शस्त्र अधिनियम, १९५९ खाली वेगळा परवाना लागतो. बंदुकीचा परवाना आहे म्हणून घरी काडतुसं भरता येत नाहीत. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं त्या ५० मीटर प्रकारात तर .२२ रिमफायर वापरतात, आणि ते पुन्हा भरण्याजोगं काडतूसच नाही.

भारतात येताना रेंजवर नेलेली पिशवी सामानात वापरू नका, किंवा तिचा प्रत्येक कप्पा उलटा करून झटका. तळाशी राहिलेल्या एका जिवंत काडतुसावरूनही मुंबईच्या विमानतळावर शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो.