बांधावरची बाभळ आणि उसातली हुमणी



यंदा गटागटांतून फिरताना एक गोष्ट खटकली. बांध उघडे पडलेत. बाभळ गेली, कडुलिंब गेला, बोरीचा तर मागमूस नाही. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं : "साहेब, सावलीनं दोन सऱ्या वाया जातात, आणि हुमणीचे भुंगेरे त्याच झाडावर येतात. ठेवून काय करायचं?"

पहिली तक्रार खरी आहे. दुसरी निम्मी खरी. उरलेलं निम्मं नीट समजून घ्यायला हवं, कारण काही वर्षांपूर्वी आम्हीही झाडं काढा असंच सांगत होतो. तो सल्ला चुकला.

हुमणी म्हणजे भुंगेऱ्याची अळी. वळवाचा चांगला पाऊस झाला की भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून बाहेर पडतात आणि बाभळ, कडुलिंब, बोर अशा झाडांवर जातात. तिथंच पाला खातात, तिथंच नर-मादी जुळतात, आणि उजाडण्यापूर्वी परत मातीत. एक मादी साधारण ५० ते ६० अंडी घालते. अळी लहान असताना कुजका पाला नि बारीक मुळ्या खाते. श्रावण-भाद्रपदात मोठी झाली की उसाची मुळंच कुरतडते. बेट पिवळं पडतं, वाळतं, हलक्या हातानं ओढलं तरी उपटून येतं. खोडव्यात तर विचारूच नका. वर्षात पिढी मात्र एकच.

म्हणजे जवळजवळ वर्षभर ही कीड जमिनीखाली, आपल्या हाताबाहेर. हाती सापडते ती पावसाच्या सुरुवातीच्या मोजक्या संध्याकाळी, आणि तीही याच झाडांवर! बांधावरचं झाड तोडलं म्हणून भुंगेरा उपाशी मरत नाही. तो ओढ्याकाठचं, गावठाणातलं झाड गाठतो. आपली पकडायची जागा तेवढी जाते.

तेव्हा संध्याकाळी ७ ते ९ च्या दरम्यान झाडाखाली ताडपत्री किंवा जुनी लुगडी अंथरा, काठीनं फांद्या हलवा, आणि पडलेले भुंगेरे रॉकेल किंवा डिझेल टाकलेल्या पाण्यात बुडवा. पहिल्या पावसापासून रोज, भुंगेरे दिसेनासे होईपर्यंत. एकट्यानं केलं तर उपयोग थोडा. शेजाऱ्याचा भुंगेरा तुमच्याच शेतात अंडी घालणार. शिवारच्या शिवार एका वेळी उतरलं पाहिजे.

सावलीचं म्हणाल तर रामकाठी बाभळ लावा. ती सरळ उंच वाढते, पसरत नाही. जुन्या झाडांची छाटणी करा, पण ऐन मे महिन्यात नको. पालाच नसेल तर भुंगेरा येईल कशाला? छाटलेला पाला नि शेंगा शेळ्या आवडीनं खातात.

आणि बाभळीला परकं समजू नका. तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत धरतात. औत, कुळव, गाडीची चाकं तिच्याच लाकडाची. लोखंडी चरक येण्यापूर्वी उसाचा चरकही बाभळीचाच असे. कडुलिंबाचा कोवळा पाला तर पाडव्याला आपण गुळाबरोबरच खातो. (वेडी बाभूळ वेगळी, ती बाहेरून आलेली. तिच्याबद्दल आमचा आग्रह नाही.)

आपल्या बांधावर बाभळ, कडुलिंब, बोर किती उरलीत ते मोजून आकडा गटाच्या चिटबॉयकडे द्यावा. पहिला वळीव पडला की त्याच दिवशी गट ऑफिसला निरोप धाडावा.